रास्पबेरी पाय कार्डावरून, पेनड्राइव्हवरून की एसएसडीवरून? बूटलोडरचा क्रम लावायची पद्धत

गणपतीच्या मांडवात देखाव्याचा आवाज आणि दिवे सांभाळणारा रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा छोटा संगणक, डोळ्यासमोर आणा. रात्री साडेबाराला कार्यकर्ते घरी जाताना मेन स्विच खाली पाडतात. पाय त्या क्षणी कार्डावर काहीतरी लिहीत असतो. असं चार-पाच दिवस झालं की एका सकाळी आरतीच्या तोंडावर लाल दिवा लागतो, हिरवा धड लुकलुकत नाही आणि पडदा काळाच राहतो. कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडलेली असते, कधी कार्डच गेलेलं असतं.

अचानक वीज गेलेली एसएसडीलाही (चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कलाही) मानवत नाही, पण सतत लिहिण्याचा मार ती मायक्रो एसडी कार्डापेक्षा कितीतरी जास्त सोसते आणि वेगही चांगलाच वाढतो. त्यामुळे सिस्टिम एसएसडीवर आणि एक चालू कार्ड खाचेत, ही मांडणी बरी. ती जमवायची तर पायच्या बूटलोडरला, म्हणजे वीज आल्यावर सिस्टिम शोधून सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, 'आधी कुठे शोध, मग कुठे शोध' हे सांगावं लागतं. काम अर्ध्या तासाचं आहे. जो वेळ जातो तो चुकीचा अ‍ॅडॅप्टर, चुकीचा चार्जर आणि 'चालू झालं म्हणजे एसएसडीवरूनच झालं' या समजुतीपायी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ती इंग्रजी लिपीत, छोट्या अक्षरांत टाकायची. मधल्या आडव्या रेघा आणि मोकळ्या जागा इथे दिसतात तशाच ठेवायच्या. बूट_ऑर्डरसारखी बूटलोडरच्या सेटिंगची नावं तेवढी कॅपिटलमध्ये.

तुमचा पाय कोणता?

बोर्डावर छापलेलं नाव वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पाय ४ (२०१९) आणि पाय ५ (२०२३) यांच्यात बूटलोडर बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. तिला ईईप्रॉम म्हणतात. पाय ४ मध्ये ती ५१२ केबीची, पाय ५ मध्ये २ एमबीची. वीज आली की मुख्य चिपमधला कायमचा कोरलेला कोड या ईईप्रॉममधला बूटलोडर उचलतो, आणि बूटलोडर मग स्वतःच्या सेटिंगमध्ये लिहिलेल्या क्रमाने कार्ड, यूएसबी, एनव्हीएमई (थेट बोर्डाला जोडायची जलद एसएसडी), नेटवर्क असं शोधत जातो. सेटिंग बोर्डावरच राहत असल्यामुळे कार्ड बदललं तरी क्रम बदलत नाही. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो: नवं कार्ड घातलं म्हणजे सगळं मूळपदावर आलं, असं त्यांना वाटतं.

पाय ३ आणि त्याआधीच्या मॉडेलांमध्ये अशी चिप नाही. तिथे बूटलोडरची पहिली फाइलच कार्डावर असते. पाय ३ बी प्लसला यूएसबीवरून सुरू होण्याची सोय कारखान्यातूनच चालू करून येते. साध्या पाय ३ बी वर मात्र ती एकदा चालू करावी लागते. कॉन्फिग डॉट टीएक्सटी या सेटिंगच्या फाइलच्या शेवटी

प्रोग्राम_यूएसबी_बूट_मोड=१

अशी ओळ टाका, पाय एकदा बंद करून चालू करा, आणि मग ती ओळ काढून टाका. हा बदल चिपमध्ये कायमचा जळतो, परत फिरवता येत नाही. त्याने बिघडत मात्र काहीच नाही, कार्ड पूर्वीसारखंच चालतं. झाला की नाही ते बघायला व्हीसीजेनसीएमडी ओटीपी_डंप चालवा. १७ व्या ओळीत ३०२००००ए दिसलं की झालं. तरीही एखादा पेनड्राइव्ह उठायला उशीर लावत असेल आणि पाय ३ त्याला ओळखत नसेल, तर एक जुनं कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यावर फक्त बूटकोड डॉट बिन ही एक फाइल ठेवा आणि ते कार्ड खाचेत कायम राहू द्या. पाय ३ विषयी एवढं पुरे. यापुढचं पाय ४ आणि पाय ५ साठी.

लॅमिंग्टन रोडवर काय मागायचं

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत लॅमिंग्टन रोड हा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठता येतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं आहे, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. आणि काउंटरवर नुसतं 'पाय' न म्हणता 'पाय फोर' किंवा 'पाय फाइव्ह' म्हणा, म्हणजे पुढचं बोलणं सरळ होतं.

पाय ४ साठी २.५ इंची साटा (एका जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी आणि साटा-टू-यूएसबी ३ अ‍ॅडॅप्टर लागतो. यादीतली सर्वांत त्रासदायक वस्तू हाच अ‍ॅडॅप्टर. स्वस्त अ‍ॅडॅप्टरांतल्या काही चिपा 'मला जलद पद्धत येते' असं सांगतात आणि ऐन कामात संपर्क तोडतात; त्यावरचा इलाज खाली आहे. दुकानदाराला सरळ विचारा: पायवर चालला नाही तर बदलून मिळेल का? जो हो म्हणेल त्याच्याकडून घ्या, दहा-वीस रुपये जास्त गेले तरी.

पाय ५ ला एनव्हीएमई एसएसडी थेट जोडता येते, त्यासाठी एम.२ हॅट (पायवर बसणारा जोडबोर्ड) घ्यावं लागतं. इथे दोन घोळ होतात. पहिला लांबीचा. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या एम.२ हॅट प्लसवर २२३० आणि २२४२ याच मापाच्या एसएसडी बसतात, म्हणजे २२ मिलीमीटर रुंद आणि ३० किंवा ४२ मिलीमीटर लांब. दुकानात सहज पुढे केली जाते ती लॅपटॉपवाली २२८०, ती या हॅटवर बसत नाही. ती वापरायची असेल तर २२८० घेणारा दुसऱ्या कंपनीचा बोर्ड शोधा. दुसरा घोळ जास्त महागात पडतो: एम.२ हा नुसता आकार आहे. त्याच आकारात साटा एसएसडीही मिळतात आणि त्या पाय ५ च्या हॅटवर अजिबात चालत नाहीत. सोनेरी पट्टीवर एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई. दोन खाचा दिसल्या तर थांबा, आणि लेबलावर एनव्हीएमई किंवा पीसीआयई लिहिलेलं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पेनड्राइव्हवरूनही पाय सुरू होतो. प्रयोगाला ठीक, रोजच्या वापराला नको. लहान लहान फाइली लिहिताना पेनड्राइव्ह रांगतो आणि तापतो. कार्ड किंवा पेनड्राइव्ह रस्त्यावरच्या टेबलावरून घेतलं असेल तर एफ३ हे छोटं साधन चालवून खरी क्षमता आधी तपासा. १२८ जीबी छापलेल्या कार्डात आत आठच निघणं या शहरात नवं नाही.

चार्जर: वॉट बघू नका, अँपिअर बघा

पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर. 'हा ६५ वॉटचा लॅपटॉपचा चार्जर आहे, पाय काय, काहीही चालेल' असं सांगून जो चार्जर दिला जातो, तो ६५ वॉट २० व्होल्टवर देतो. ५ व्होल्टवर तो ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. पाय ५ ला हे चार्जरशी बोलून कळतं आणि तो यूएसबीच्या चारही पोर्टांना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर देतो. योग्य चार्जर असेल तर १.६ अँपिअर देतो. एवढ्यावर न थांबता, कमी ताकदीचा चार्जर लावून यूएसबीवरून सुरू करायला गेलात तर पाय ५ पडद्यावर तसं सांगतो आणि अडून बसतो. पॉवरचं बटण दाबलं की तेवढ्यापुरता पुढे जातो. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१ लिहून ही तपासणी बंद करता येते. पण ज्या चार्जरात दम नाही त्याला दम आहे असं लिहून देणं हा इलाज नव्हे. एसएसडी मध्येच गळेल आणि दोष बूटलोडरला लागेल.

पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. एका एसएसडीला ते पुरतं. फिरती हार्ड डिस्क सुरू होताना जोरात वीज ओढते, तिला स्वतःची वीज असलेला हब द्या.

विजेची खरी स्थिती पायलाच विचारा:

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता, या क्षणीही कमी आहे. बऱ्याचदा चार्जर बरा असतो आणि सी-टाइप वायर बारीक असते. आधी वायर बदलून बघा.

बूटलोडर ताजा करा

चालू कार्डावरून पाय सुरू करा, नेट जोडा आणि

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी फुल-अपग्रेड
सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट

या तीन आज्ञा एकामागोमाग द्या. तिसरी आज्ञा आत्ताची आणि उपलब्ध आवृत्ती तारखेसकट दाखवते. नवी दिसली तर त्याच आज्ञेला पुढे -ए जोडून पुन्हा चालवा आणि रीबूट करा. खरं लिखाण रीबूट होताना होतं, तेव्हा काही सेकंद प्लगला हात लावू नका. सुरुवातीच्या काळात विकल्या गेलेल्या पाय ४ ला यूएसबीवरून सुरू होणं येतच नव्हतं. ते २०२० मधल्या बूटलोडरने आलं. सेकंडहँड पाय ४ घेतला असेल तर ही पायरी टाळू नका.

क्रम लिहिणारा आकडा

आता मुख्य गोष्ट. बूटलोडरच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते:

बूट_ऑर्डर=०एक्सएफ४१

सुरुवातीचं ०एक्स म्हणजे पुढचा आकडा हेक्स पद्धतीचा, शून्य ते नऊ आणि पुढे ए ते एफ. प्रत्येक अंक म्हणजे एक ठिकाण: १ म्हणजे कार्ड, २ म्हणजे नेटवर्क, ४ म्हणजे यूएसबीला लावलेली डिस्क किंवा पेनड्राइव्ह, ६ म्हणजे एनव्हीएमई. ई म्हणजे थांब. एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शोध.

वाचायचं उजवीकडून डावीकडे. चुका होतात त्या इथे. ०एक्सएफ४१ म्हणजे आधी कार्ड (१), तिथे काही नाही मिळालं तर यूएसबी (४), तिथेही नाही तर परत सुरुवातीपासून (एफ). स्लो लोकलसारखं आहे: प्रत्येक स्टेशनावर थांबून बघायचं, आणि विरारपर्यंत कोणी नाही चढलं तर पुन्हा चर्चगेटपासून.

डावीकडचा एफ काढून टाकण्याचा मोह आवरा. फिरत्या डिस्कला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. पहिल्या फेरीत ती तयार नसली तर एफ असल्यामुळे दुसऱ्या फेरीत सापडते. तो नसेल तर बूटलोडर हात वर करतो.

यातून एक सोयीची गोष्ट निघते. पाय ४ चा कारखान्यातला क्रम ०एक्सएफ४१ हाच असतो. म्हणजे कार्ड काढून यूएसबी एसएसडी लावली तर काहीही न बदलता पाय तिच्यावरून सुरू होतो. क्रम बदलायची गरज तेव्हाच, जेव्हा कार्ड खाचेत ठेवूनही एसएसडीवरूनच सुरू व्हायला हवं असतं. तेव्हा ०एक्सएफ१४ करा: आधी यूएसबी, मग कार्ड. मांडवातल्या पायला हाच बरा, कारण एसएसडीची वायर कोणाच्या पायात अडकून निघाली तरी रीबूट केल्यावर कार्डावरची जुनी सिस्टिम उठते आणि देखावा चालू राहतो.

याची एक किंमत आहे. ०एक्सएफ१४ ठेवून यूएसबीला काहीच लावलं नसेल, तर बूटलोडर डिस्कची वाट बघत २० सेकंद थांबतो आणि मगच कार्डाकडे वळतो. 'पाय हळू उठतो' ही तक्रार बऱ्याचदा एवढीच असते. हा वेळ यूएसबी_एमएसडी_डिस्कव्हर_टाइमआउट या सेटिंगमध्ये मिलीसेकंदांत लिहिलेला असतो, म्हणजे २००००. एसएसडी असेल तर कमी करून चालतं.

पाय ५ वर ०एक्सएफ४६१ म्हणजे कार्ड, एनव्हीएमई, यूएसबी. ०एक्सएफ१४६ म्हणजे एनव्हीएमई, यूएसबी, कार्ड. नेटवर्कचा २ हा अंक वर्गातल्या तीस पायना एकाच सर्व्हरवरून चालवायला उपयोगाचा. घरात त्याच्या वाटेला जाऊ नका. सर्व्हर नसताना तो अंक क्रमात असला तर प्रत्येक वेळी उगाच वाट बघणं होतं.

सिस्टिम एसएसडीवर नेणं

दोन रस्ते आहेत. नवी सुरुवात करायची असेल तर संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर (सिस्टिम डिस्कवर लिहिणारा प्रोग्राम) उघडा, मॉडेल निवडा, सिस्टिम निवडा, आणि स्टोरेज म्हणून एसएसडी. पुढे जाण्याआधी क्षमता वाचून खात्री करा. २५६ जीबीच्या ऐवजी घरच्या फोटोंची १ टीबी डिस्क निवडली गेली आणि न वाचता होकार दिला तर इमेजर ती पुसून टाकतो. सेटिंगमध्ये युजरनेम, पासवर्ड, वायफाय आणि देश आयएन भरा. २०२२ पासून 'पाय' नावाचा तयार युजर मिळत नाही, त्यामुळे इथे भरलं नाही तर पडदा आणि कीबोर्ड न लावता आत शिरता येणार नाही.

दुसरा रस्ता: चालू कार्डाची नक्कल. डेस्कटॉपच्या मेनूत अ‍ॅक्सेसरीजखाली एसडी कार्ड कॉपिअर आहे. वर कार्ड निवडा, खाली एसएसडी, आणि 'न्यू पार्टिशन यूयूआयडीज' या चौकटीत टिक करा. ही टिक विसरू नका. कारण असं: सिस्टिमचा मुख्य भाग कुठे आहे हे बूटलोडर ठरवत नाही. बूटलोडर फक्त पहिल्या छोट्या फॅट पार्टिशनमधून कर्नल (सिस्टिमचा गाभा) उचलतो आणि सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमधली ओळ त्याच्या हातात देतो. त्या ओळीत रूट=पार्टयूयूआयडी असं लिहून पुढे एक ओळखक्रमांक असतो, आणि कर्नल तो क्रमांक असलेलं पार्टिशन शोधतो. हुबेहूब नक्कल केली तर कार्ड आणि एसएसडी दोन्हींवर तोच क्रमांक असतो. दोन्ही लावून सुरू केलं की कर्नलला जे आधी दिसेल ते तो धरतो. मग होतं काय, तर सुरुवात एसएसडीवरून, आणि चालतोय कार्डावर. वापरणाऱ्याला पत्ताच नसतो. महिनाभराने जुनं म्हणून कार्ड काढलं की महिन्याचं सगळं काम कार्डाबरोबर जातं.

टिक राहून गेली असेल आणि क्रमांक हाताने बदलणार असाल तर तो सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी आणि /ईटीसी/एफएसटॅब या दोन्ही फाइलींत बदलावा लागतो. एकीत बदलून दुसरीत राहिला तर पाय अर्ध्यावर येऊन इमर्जन्सी मोडमध्ये थांबतो. त्यापेक्षा नक्कल पुन्हा करणं सोपं.

क्रम बदला

सुडो रास्पी-कॉन्फिग

उघडा. अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यात बूट ऑर्डर. पर्याय तीन: कार्ड आधी, एनव्हीएमई किंवा यूएसबी आधी, नेटवर्क. दुसरा निवडा, फिनिश करा, रीबूट करा. बहुतेकांना एवढंच लागतं.

आकडा हातानेच लिहायचा असेल तर:

सुडो -ई आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग --एडिट

यातलं -ई कॅपिटल. नॅनो एडिटर उघडतो. बूट_ऑर्डरची ओळ बदला, कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स, आणि रीबूट. बराबर चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडू नका. नंतर तीच आज्ञा --एडिटशिवाय चालवली की चालू सेटिंग दिसतं. लिहिलेला आकडा खरंच आत गेला का ते बघा.

पाय ५ वर एनव्हीएमई असेल तर हॅट बसवताना प्लग काढलेला असू द्या. चपटी रिबन केबल सरळ, पूर्ण खोल घाला आणि कुलूप दोन्ही टोकांनी सारखं खाली बसवा. रिबन एक मिलीमीटर तिरकी बसली तरी एसएसडी दिसत नाही, आणि लोक तासभर सॉफ्टवेअर खणत बसतात. एलएसपीसीआय या आज्ञेत एसएसडीच्या कंट्रोलरची ओळ दिसली की जोडणी ठीक. दुसऱ्या कंपनीच्या काही बोर्डांना स्वतःची ओळख बूटलोडरला देता येत नाही. त्यांच्यासाठी वरच्याच एडिटरमध्ये पीसीआयई_प्रोब=१ ही ओळ वाढवा. वेग वाढवायला एनव्हीएमई जोडणीचा जेन ३ (तिसऱ्या पिढीचा) वेग चालू करण्याचे सल्ले भरपूर मिळतात. पाय ५ त्या वेगासाठी प्रमाणित नाही. जेन २ वरही कार्डाच्या कित्येक पट वेग मिळतो, त्यामुळे आधी तसंच चालवा.

कुठून सुरू झालं ते तपासा

फाइंडएमएनटी /
फाइंडएमएनटी /बूट/फर्मवेअर

पहिल्या आज्ञेत सिस्टिमचा मुख्य भाग कुठे आहे ते कळतं, दुसरीत बूट पार्टिशन. उत्तरात एमएमसीबीएलके दिसलं तर ते कार्ड, एसडीए दिसलं तर यूएसबी, एनव्हीएमई दिसलं तर एनव्हीएमई. दोन्ही उत्तरं एकाच डिस्कची हवीत. एक कार्डाचं आणि एक एसएसडीचं आलं तर वर सांगितलेला जुळ्या क्रमांकांचा घोळ झालेला आहे. २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीच्या आधीच्या सिस्टिमवर दुसऱ्या आज्ञेत नुसतं /बूट लिहायचं.

अडलं तर

पडदा लावलेला असू द्या. बूटलोडरला काहीच सापडलं नाही तर तो एचडीएमआयवर एक माहितीपान दाखवतो. त्यावर कोणतं ठिकाण तपासून झालं आणि तिथे काय मिळालं ते ओळीओळीने येतं. फोनने फोटो काढून शांतपणे वाचा. पडदा नसेल तर हिरव्या दिव्याचे ठोके मोजा. तीन ठोके म्हणजे सुरू होण्यात काहीतरी सर्वसाधारण अडचण. चार म्हणजे स्टार्ट नावाची फर्मवेअर फाइल सापडली नाही. सात म्हणजे कर्नल नाही. दोन लांब आणि एक छोटा ठोका म्हणजे पहिलं पार्टिशन फॅट नाही. हे बहुधा विंडोजमधून एनटीएफएस केलेली डिस्क तशीच लावल्यावर होतं.

सुरू होतो, पण दहा-पंधरा मिनिटांनी गोठतो, किंवा सुरू होतानाच मिनिटभर रखडतो? अ‍ॅडॅप्टरवर संशय घ्या. सुडो डीएमईएसजी चालवून यूएएस आणि रीसेट हे शब्द शोधा. दोन्ही सारखे सारखे दिसत असतील तर अ‍ॅडॅप्टरला त्या जलद पद्धतीने (तिचंच नाव यूएएस) बोलणं झेपत नाहीये. एलएसयूएसबी चालवा, अ‍ॅडॅप्टरच्या ओळीत आयडीपुढे चार-चार अक्षरांचे दोन गट मधे कोलनसह (:) दिसतील, ते टिपून घ्या. मग सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी उघडून ओळीच्या अगदी सुरुवातीला

यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=आयडी:यू

असं लिहा. 'आयडी'च्या जागी टिपलेले दोन्ही गट, मधल्या चिन्हासकट. शेवटचा यू छोटा. त्यानंतर एक मोकळी जागा, आणि पुढे आधीची ओळ जशीच्या तशी. ही फाइल एकाच ओळीची असते. चुकून एंटर दाबला गेला तर दुसऱ्या ओळीतलं काहीच वाचलं जात नाही आणि पाय सुरू होत नाही. या उपायाने वेग थोडा उतरतो, पण गोठणं थांबतं. दोन-तीन अ‍ॅडॅप्टर हाताशी असतील तर मात्र आधी अ‍ॅडॅप्टरच बदलून बघा.

एसएसडी निळ्या पोर्टात आहे ना, हेही बघा. काळा पोर्ट यूएसबी २ चा. आणि जून ते सप्टेंबर, विशेषतः खिडकीजवळच्या किंवा समुद्राकाठच्या खोलीत, महिनोन्महिने न हलवलेलं कार्ड किंवा यूएसबी जोड एकदा काढून परत घालण्याने अडचण सुटणं ही मुंबईतली रोजची गोष्ट आहे.

क्रमच चुकीचा लिहिला गेला, आणि आता पाय कशावरूनच सुरू होत नाही, अशी वेळ आली तरी बोर्ड मेलेला नसतो. ईईप्रॉमकडे जाण्याआधी मुख्य चिप कार्डावर दुरुस्तीची फाइल आहे का ते बघते, आणि तिला तुमच्या आकड्याशी देणंघेणं नसतं. इमेजरमध्ये मिसलेनियस युटिलिटी इमेजेस, त्यात बूटलोडर, त्यात तुमचं मॉडेल, आणि एसडी कार्ड बूट निवडा. कोणत्याही जुन्या कार्डावर ते लिहा. पायला लावलेलं बाकी सगळं काढा, फक्त ते कार्ड घाला आणि प्लग लावा. हिरवा दिवा भराभर, एका लयीत लुकलुकू लागेल आणि पडदा पूर्ण हिरवा होईल. दहा-एक सेकंद तसं राहू द्या, मग प्लग काढा आणि ते कार्डही काढून घ्या. आत राहिलं तर पाय दर वेळी दुरुस्तीच करत बसेल. कार्डावर पेनाने 'दुरुस्ती' लिहून ते पायच्या डब्यातच ठेवा.